ऊन, वस्त्र आणि त्वचेची तपासणी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजाच्या मेळाव्यात आरोग्याचा विषय निघाला की मधुमेह, हृदयविकार आणि गुडघेदुखी यांना अग्रमान मिळतो. त्वचेचा विषय निघालाच तर तो गोरेपणाच्या मलमापाशी येऊन थांबतो. वास्तविक प्रौढ माणसाची त्वचा पसरून मोजली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. शरीरातील इतर अवयव पाहण्यासाठी क्ष-किरण लागतात, सोनोग्राफी लागते. हा एकच अवयव असा की तो नुसत्या डोळ्यांनी, घरच्या उजेडात, विनामूल्य पाहता येतो. तरीही तो सर्वांत कमी पाहिला जातो.

भारतात त्वचेचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळ आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. येथे कोणाला घाबरविण्याचा हेतू नाही. परंतु रोग विरळ असल्यामुळे त्याचा संशय कोणाला येत नाही आणि तो उशिरा सापडतो. दुसरी अडचण अशी की ज्यांना काळजी घ्यावीशी वाटते, ते परदेशी माहितीपत्रके वाचून चेहरा आणि हात तपासतात. आपल्याकडचे अनेक घातक डाग मात्र तळपायाला, नखाखाली, जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा कमरेच्या नाडीखाली लपलेले असतात. परदेशात काय घडले आणि त्यातील किती भाग आपल्या उपयोगाचा, याचा विचार म्हणूनच आवश्यक आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोहोचतात. 'बी' किरणांचा जोर मध्यान्ही असतो. त्वचा लाल होणे, सोलणे हे त्यांचे काम. 'ए' किरण दिवसभर असतात, अधिक खोल जातात आणि साध्या काचेतूनही आत येतात. सुरकुत्या, राठपणा, तपकिरी ठिपके हा बराचसा त्यांचा परिणाम होय. २०१२ साली एका ख्यातनाम अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका एकोणसत्तर वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याने अठ्ठावीस वर्षे गाडी चालविली होती. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी, आणि खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबणारी, खोल सुरकुत्यांची! एकाच माणसाच्या चेहऱ्याचे जणू दोन मालक. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे आपल्या चालकांची उजवी बाजू खिडकीकडे येते, एवढाच फरक.

बाहेरच्या कारणाने त्वचेचा कर्करोग होतो, हे प्रथम उन्हामुळे कळले नाही. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो असे दाखवून दिले. उन्हाकडे बोट दाखविले ते जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी, १८९४ साली, जन्मभर समुद्रावर राबलेल्या खलाशांची कातडी पाहून. १९२८ मध्ये फिंडले यांनी अतिनील किरणांनी उंदरांच्या त्वचेवर कर्करोग निर्माण करून दाखविला आणि १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले.

या साऱ्याची सर्वाधिक झळ ऑस्ट्रेलियाने सोसली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या ढगाळ हवेतील गोऱ्या त्वचेची माणसे तेथे जाऊन वसली. हवामान बदलले, त्वचा तीच राहिली. आज तेथे सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांपैकी दोघांना त्वचेचा कोणत्या ना कोणत्या प्रकारचा कर्करोग होतो, असे मानले जाते. बहुतेक वेळा तो सौम्य प्रकारचा असतो व कापून काढता येतो. पण मेलानोमा नावाचा प्रकार शरीरभर पसरून प्राण घेऊ शकतो. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यात 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम सुरू झाली. दूरदर्शनवर एक समुद्रपक्षी नाचत नाचत सांगे : अंगात सदरा चढवा, मलम थापा, डोक्यावर टोपी घाला. पुढे शाळांनीही नियम केला की टोपी नसेल तर मैदानावर खेळायला जाता येणार नाही. मेलबर्न-सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नातवंडे ही टोपी घालूनच शाळेत जातात. येथून गेलेल्या आजी-आजोबांना आधी त्याचे नवल वाटते.

क्वीन्सलँडमधील नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ या काळात १६२१ रहिवाशांवर एक प्रयोग झाला. अर्ध्या लोकांना रोज सनस्क्रीन लावण्यास दिले, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस पेशींचा कर्करोग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळला, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील नोंदींत मेलानोमाचे प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले. सनस्क्रीन म्हणजे निव्वळ नट्यांचे प्रसाधन, असे मानणाऱ्यांनी हे आकडे अवश्य लक्षात घ्यावेत. मात्र हा प्रयोग प्रामुख्याने गोऱ्या लोकांवर झाला, हेही त्याबरोबरच ध्यानी ठेवावे.

त्या मोहिमेतील क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला सदरा, मग मलम. कापडाचा व्यवसाय ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे अशा समाजाला ही गोष्ट विशेष रोचक वाटावी. कापड ऊन किती अडविते याचे मापही ऑस्ट्रेलियातच ठरले. १९९६ साली तेथे व न्यूझीलंडमध्ये त्याचे प्रमाणक निघाले. त्याला 'यूपीएफ' म्हणतात. यूपीएफ ५० म्हणजे पन्नास भाग अतिनील किरणांपैकी एकच भाग कापडातून आत जातो. पंधराच्या खाली असलेल्या कापडाला हे प्रमाणक संरक्षक मानतच नाही.

आता आपल्या समजुती या मापावर घासून पाहू. उन्हाळ्यात पांढरे, पातळ, सुती वापरावे असे आपण म्हणतो. उष्णतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अतिनील किरणांच्या दृष्टीने मात्र पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचे माप पाच ते सातच्या आसपास भरते, आणि घामाने किंवा पाण्याने भिजला की तीनपर्यंत खाली येते. म्हणजे तिसरा हिस्सा किरण सरळ आत. याउलट जाड निळ्या डेनिमचे माप हजाराच्याही पुढे जाते. यात मुख्य कारण विणीचे. ताणा-बाणा घट्ट असेल, मधली भोके बारीक असतील तर किरणांना वाट मिळत नाही. त्यानंतर रंग : गडद रंग किरण शोषून घेतो. मग सूत कशाचे, हा प्रश्न. पॉलिएस्टरच्या रेणूची घडणच अशी की ते 'बी' किरण चांगले शोषते. सुतात गंमत अशी की विरंजन केलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा कोरे, पिवळसर कापड अधिक संरक्षण देते, कारण कापसातील नैसर्गिक रंगद्रव्ये धुऊन गेलेली नसतात. ज्या मांजरपाटाला दुकानात सर्वांत खालच्या फळीवर जागा मिळते, तो या परीक्षेत तलम व्हॉइलच्या पुढे निघावा! एकदोन धुण्यांत सुती कापड आटले की वीण दाटते आणि माप वाढते. अंगाला ताणून बसणारे कापड मात्र ताणले जाऊन विरळ होते. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर जुनी रीत पुरेशी आहे. गिऱ्हाईक लुगडे उजेडापुढे धरून पाहते ना, तसे धरावे. पलीकडचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर ऊनही तसेच येणार.

पोशाखाचेही तसेच. पागोटे आणि फेटा यांत कापडाचे अनेक थर असल्यामुळे डोके उत्तम झाकले जाते. गांधी टोपीला काठ नसल्याने कान, नाक आणि मान उघडी राहते. चहूबाजूंनी रुंद काठ असलेली टोपी तज्ज्ञ सुचवितात, ती याकरिताच. पुण्या-नागपुरात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली ओढणीने चेहरा बांधतात, सनकोट घालतात. त्यांची चेष्टा पुष्कळ झाली. संरक्षणाच्या हिशेबाने मुलीच बरोबर आहेत. केव्हा जपावे यासाठी एक साधी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणांचा जोर वाढला असे समजावे. हवा गार आहे म्हणून ऊन सौम्य आहे, असे नसते. उंचीवर किरण अधिक तीव्र होतात, म्हणून महाबळेश्वरची गार दुपार फसवी असते. दुसऱ्या टोकाला जाऊन ऊन पूर्ण वर्ज्य करणेही इष्ट नाही. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या लोकांत फार आहे आणि ते बनण्यास थोडे ऊन लागतेच.

सनस्क्रीन वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगणे की त्याचे छापील माप भरपूर थर दिला तरच मिळते. चेहरा, कान व मान मिळून सुमारे एक चहाचा चमचा मलम लागते आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. तीस मापाचे मलम 'बी' किरणांपैकी ९७ टक्के अडविते, पन्नास मापाचे ९८. किमतीत मात्र एका टक्क्याहून बराच अधिक फरक असतो.

सावळ्या त्वचेतील मेलानिन हे रंगद्रव्य उन्हाच्या कर्करोगापासून मोठे संरक्षण देते. उन्हाचा परिणाम आपल्याकडे अधिक करून वांग, काळवंडणे आणि डाग या रूपांत दिसतो. त्यावर उपाय म्हणून औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेली मिश्र मलमे, हा एक स्वतंत्र अनर्थ आहे. त्यांतील अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, शेजारीण नाव विचारते, आणि काही महिन्यांनी त्वचा पातळ होऊन लाल शिरा, मुरुमे व लव दिसू लागते. मलम थांबविले तर आग होते. ऊन सोसण्याची शक्तीही जाते. केंद्र शासनाने २०१८ साली अशा चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. नियम आहे, तरीही ती सहज मिळतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

मेलानिनचे हे संरक्षण तळहात, तळपाय आणि नखांखाली मात्र फारसे कामाचे नाही, कारण तेथे होणाऱ्या मेलानोमाचे कारण मुळात ऊन नसते. सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा होतो तेव्हा तो बहुधा येथेच होतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हा रोग निघाला. ते मे १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले. आपल्या घरांत टाचेवर काळा डाग उठला तर काय होते ते आठवावे. कोणी त्याला कुरूप म्हणतो, कोणी काटा मोडला म्हणतो. कुरुपाची पट्टी लावली जाते, ब्लेडने तासले जाते, चुना लागतो. डाग दुखत नाही, म्हणून वर्ष जाते. न दुखणे हे निर्धास्तपणाचे कारण मुळीच नाही. या रोगाच्या आरंभी दुखतच नाही. नखावरच्या काळ्या रेषेबाबतही विवेक हवा. सावळ्या लोकांत अनेक नखांवर फिकट रेषा असणे स्वाभाविक आहे. एकाच नखावर नवी रेषा उमटली, ती रुंदावत चालली किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर नखुरडे समजून हळद बांधत बसू नये.

येथे ऊन मागे पडते आणि दुसरेच कारण पुढे येते : एकाच जागी वर्षानुवर्षे होणारा दाह. फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांनी १८२८ मध्येच व्रणांच्या जागी उद्भवणाऱ्या अशा जखमांचे वर्णन केले होते. भाजल्याचा व्रण बरा होतो आणि तीस-तीस वर्षांनी तेथे न भरणारी जखम उघडते. काश्मीरमध्ये थंडीत फिरनखाली पोटाशी धरण्याच्या कांगडीमुळे मांड्यांवर व पोटावर होणारा कर्करोग एल्म्सली यांनी १८६६ साली नोंदविला.

आणि १९४५ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जगाला एक नवे नाव दिले : 'धोतर-कर्करोग'. धोतर कमरेला रोज एकाच ठिकाणी आवळून बांधले जाते. घाम, घर्षण आणि दाब यांनी तेथील कातडी आधी काळी किंवा पांढरी पडते, जाड होते, तिला खवले येतात. क्वचित काहींच्या बाबतीत पुढे न भरणारी जखम आणि कर्करोग. वस्त्राच्या इतिहासात हे पान फारसे कोणी वाचत नाही. धोतर मागे पडले तसा हा विषयही मागे पडला असे वाटत होते. परंतु परकराची नाडी कोठे मागे पडली होती? २०२४ च्या नोव्हेंबरात वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीचे वय सत्तर, कमरेच्या उजव्या बाजूची जखम दीड वर्ष भरत नव्हती. साडीखाली परकराची नाडी घट्ट बांधण्याची तिची सवय जन्माची. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील. तिने चाळीस वर्षे रोज लुगडे नेसले होते, परकराविना, कमरेशी घट्ट आवळून. तिची जखम दोन वर्षे तशीच होती, आणि तपासणी झाली तेव्हा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचलेला होता.

दोन वर्षे! घरात मुले, सुना, नातवंडे असतीलच. पण कमरेची जखम आई कोणाला दाखवीत नाही, आणि विचारण्याचे कोणाला सुचत नाही. असे रुग्ण थोडेच असतात. कमरेवरचा काळा पट्टा मात्र कित्येक स्त्रियांना असतो आणि त्यातील बहुतेकींना पुढे काहीही होत नाही. नाडी सैल बांधावी, सुतळीसारख्या बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी घ्यावी, बांधण्याची जागा अधूनमधून थोडी वरखाली करावी. परकर शिवणाऱ्यांनी रुंद, मऊ पट्टीचे परकर सर्रास ठेवावेत. खर्च चार-सहा रुपयांपलीकडे जाऊ नये.

तपासणीची रीत अशी. महिन्यातून एकदा स्नानानंतर चांगल्या उजेडात अंग पाहावे. तळपाय, टाचा, बोटांच्या बेचक्या, सर्व नखे. त्यासाठी नखांचा रंग आणि मेंदी उतरलेली असावी. कंबर, भाजल्याचे व शस्त्रक्रियेचे जुने व्रण. पाठ आणि मांडीचा मागचा भाग पती-पत्नीने एकमेकांचा पाहावा, वृद्धांचा घरच्यांनी. टाळूवरचा डाग पुष्कळदा केस कापणाऱ्या कारागिराला आधी दिसतो, त्याचे ऐकावे. तिळाच्या बाबतीत पाहायचे ते असे : दोन अर्धे सारखे आहेत का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत का, व्यास सहा मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या मागच्या टोकाच्या, पुढे गेला का, आणि सर्वांत महत्त्वाचे, तो बदलतो आहे का. जन्मापासून जसाच्या तसा असलेला तीळ सहसा निरुपद्रवी असतो. पन्नाशीनंतर नव्याने आलेला व वाढणारा डाग दाखवावाच. नाकाजवळ किंवा पापणीखाली काळपट, चमकदार पुळी येते, तिच्यावर खपली धरते, पडते, पुन्हा धरते. आपल्या लोकांत हा बेसल पेशींचा कर्करोग रंगाने काळा असल्यामुळे तीळ किंवा चामखीळ समजला जातो. कोणतीही जखम महिनाभरात भरली नाही तर तिला साधी जखम म्हणू नये. मूत्रपिंड बदललेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी तर दरवर्षी त्वचारोगतज्ज्ञांना पूर्ण अंग दाखवावे, कारण त्यांना धोका अधिक असतो.

तज्ज्ञ प्रथम डर्मोस्कोप या प्रकाशाच्या भिंगातून डाग पाहतात. त्यात वेदना नाहीत. संशय आला तर जागा बधिर करून कातडीचा तुकडा तपासणीला पाठवितात. येथेच अनेक कुटुंबे माघारी फिरतात, कारण "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य कोणीतरी घरात उच्चारलेले असते. त्वचेचा तुकडा काढल्याने रोग पसरतो याला आधार नाही. वेळेवर काढलेला मेलानोमा त्वचेच्या वरच्या थरात असतो आणि बहुधा शस्त्रक्रियेनेच संपतो. खोलवर गेलेला मेलानोमा मिलिमीटरच्या अंशांत मोजतात व त्या मोजमापावर पुढचे सारे अवलंबून असते. काढलेला तीळ, मस किंवा चामखीळ कोठेही काढली असली तरी तो तुकडा टाकून न देता प्रयोगशाळेत पाठविण्याचा आग्रह रुग्णाने धरावा. सौंदर्यालयात जाळलेल्या तिळाचा अहवाल मिळत नाही, आणि पुढे काही निघाले तर आधी तेथे काय होते हे सांगणारे कोणी उरत नाही. अहवालाची मूळ प्रत दागिन्यांच्या पावतीप्रमाणे जपून ठेवावी. पाच वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर ते पहिल्यांदा तोच कागद मागतील.